हरीण धडधाकट दिसतं म्हणून तपासणी थांबवायची? सीडब्ल्यूडीवरच्या आक्षेपांना मुद्देसूद उत्तर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजेच सीडब्ल्यूडी, हा हरणांच्या कुळातला जीवघेणा रोग आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या जंगली हरणांत तो पसरला आहे, २०१६ पासून नॉर्वेतही सापडतो आहे. त्यावर इलाज नाही, लस नाही, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की जनावर मरतंच. त्याच्यावर लक्ष ठेवायचं तर शिकारीत मारलेल्या आणि रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या हरणांची डोकी तपासावी लागतात. या तपासणीविरुद्ध एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. कधी शिकाऱ्यांच्या गटांत, कधी ‘झोंबी हरीण’ नावाच्या व्हिडिओखाली. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात:

‘हा रोग १९६७ पासून आहे, तरी हरणं संपली नाहीत. इतका जीवघेणा असता तर जंगलात मढ्यांचा खच पडला असता. आमच्या भागात पन्नास डोकी तपासली, एकही सापडलं नाही. जिथे चाचण्या जास्त तिथेच रोग जास्त, यातच सगळं आलं. धडधाकट हरणाचं डोकं प्रयोगशाळेत पाठवून काय मिळणार? माणसाला हा रोग होत नाही, आणि मांस नीट शिजवलं की प्रश्नच मिटला. खात्याला कळप मारायला निमित्त हवंय. ही पैशांची नासाडी बंद करा.’

यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ मध्येच, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल डिअर हरणांत. आणि सीडब्ल्यूडी माणसाला झाल्याचं आजवर एकाही रुग्णात सिद्ध झालेलं नाही. बाकीचे मुद्दे मात्र एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यांच्यावर विसंबून लोक खरंच डोकी पाठवणं बंद करतात.

‘धडधाकट हरणाचं डोकं कशाला तपासायचं?’

कारण या रोगाचा सगळ्यात मोठा काळ हरीण धडधाकट दिसण्यातच जातो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दीड-दोन वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. या काळात हरीण चरतं, पळतं, माजावर येतं, पिलं देतं. आणि याच काळात, लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने आधीपासून, त्याच्या लाळेतून, मुतातून आणि लेंड्यांतून रोग बाहेर पडत असतो. हाडांचा सापळा झालेलं, मान खाली घातलेलं, कान पडलेलं, पाय फाकवून उभं राहणारं, लाळ गाळणारं आणि माणसाला न घाबरणारं हरीण ही शेवटच्या काही आठवड्यांची किंवा महिन्यांची अवस्था. शिकारीतून आलेल्या ज्या हरणांत रोग सापडतो, त्यातली बहुसंख्य हरणं मारली तेव्हा अगदी ठणठणीत दिसत होती. नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली तर पसरवण्याचं काम उरकलेली हरणंच तेवढी हाती लागतील.

मग रक्ताची चाचणी का करत नाहीत, असाही प्रश्न येतो. सीडब्ल्यूडी जिवाणूमुळे किंवा विषाणूमुळे होत नाही. शरीरातलंच एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. याला प्रायॉन म्हणतात. त्यात डीएनए नाही आणि आरएनएही नाही, म्हणून पीसीआर चालत नाही. शरीराला ते परकं वाटत नाही, म्हणून प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होत नाहीत, आणि प्रतिपिंडं शोधणारी चाचणीही बाद होते. जिवंत हरणाच्या गुदाशयाच्या अस्तराचा किंवा टॉन्सिलचा तुकडा काढून तपासता येतो, पण त्यासाठी जनावर पकडून भूल द्यावी लागते आणि सुरुवातीच्या लागणीत ही तपासणी बऱ्याचदा चुकते. पाळीव कळपांत आणि संशोधनात तिचा उपयोग आहे. मोकळ्या जंगलातल्या हजारो हरणांसाठी मेलेल्या जनावराचं डोकं हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

डोक्यातून नेमकं काय काढायचं, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. हवे असतात दोन भाग. एक, घशामागच्या लसिका ग्रंथींची जोडी. दुसरा, ओबेक्स: मेंदूच्या बुडाशी, जिथे मज्जारज्जू सुरू होतो, तिथला इंग्रजी व्ही आकाराचा छोटा भाग. पांढऱ्या शेपटीच्या हरणात आणि म्यूल डिअरमध्ये प्रायॉन आधी लसिका ग्रंथींत साठतात आणि मेंदूत नंतर पोचतात. या दोन जातींत फक्त ओबेक्स तपासला तर ताजी लागण निसटते. एल्क जातीच्या मोठ्या हरणात काही वेळा उलटं होतं, ग्रंथी कोऱ्या आणि ओबेक्समध्ये रोग. म्हणून एल्कचे दोन्ही भाग घेतात. नॉर्वेतल्या मूस जातीच्या म्हाताऱ्या हरणांत सापडलेला प्रकार आणखी वेगळा आहे: प्रायॉन मेंदूत होते, लसिका ग्रंथींत नव्हतेच. जात न पाहता एकच पद्धत लावली की ‘रोग नाही’ हा निकाल चुकीचा येऊ शकतो.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते डोकं तोडतानाच. मान कवटीला अगदी लागून कापली तर ग्रंथी धडाकडे राहतात आणि प्रयोगशाळेत पोचतं ते निरुपयोगी डोकं. जबड्याच्या मागे किमान दहा सेंटिमीटर मान शिल्लक ठेवायची. ग्रंथी काढताना डोकं उताणं ठेवतात, जबड्याच्या कोनामागे स्वरयंत्र आणि कवटीचं बूड यांच्यामधून आडवा छेद घेतात आणि घशाचा भाग पुढे उलटवतात. त्याच्या मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या डावी-उजवीकडे एकेक ग्रंथी दिसते. मोठ्या हरणात ती साधारण दोन ते चार सेंटिमीटरची असते, गुळगुळीत, घट्ट, फिकट बदामी. नवशिक्या माणसाच्या हाती इथे हमखास लाळग्रंथी येते, कारण ती मोठी असते आणि आधी दिसते. ओळखायचं असेल तर कापून बघायचं. लसिका ग्रंथीचा काप आतून एकसारखा दिसतो, लाळग्रंथी द्राक्षाच्या घडासारखी दाण्यादाण्यांची असते. लाळग्रंथी पाठवली तर प्रयोगशाळा ‘नमुना अयोग्य’ असा शेरा देते आणि ते हरीण गणतीतून जातं.

जोडीतली एक ग्रंथी ताजी किंवा गोठवून ठेवतात, दुसरी ऊती टिकवणाऱ्या दहा टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये घालतात. फॉर्मालिन ऊतीच्या दहापट हवं, नाहीतर आतला भाग सडतो. ताज्या ग्रंथीवर एलायझा करतात: ऊती दळून तिच्यावर प्रोटिनेझ के हे विकर सोडायचं. चांगलं प्रथिन पचून जातं, दुमडलेल्याचा गाभा टिकून राहतो आणि तो प्रतिपिंडाने ओळखता येतो. फॉर्मालिनमधल्या ग्रंथीचे पातळ काप करून त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे प्रायॉनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या मदतीने, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीतल्या कूपांमध्ये, म्हणजे पेशींच्या गोल पुंजक्यांमध्ये, रंगाचे ठिपके शोधतात. अमेरिकेत नव्या भागातल्या पहिल्या संशयित नमुन्याची खात्री आयोवातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत होते. दोन्ही ग्रंथी फॉर्मालिनमध्ये टाकल्या तर एलायझा करता येत नाही. दोन्ही गोठवल्या तर पेशी फुटतात आणि काप नीट वाचता येत नाहीत. दोन दिवस उन्हात पडलेल्या डोक्यातला ओबेक्स लगदा होऊन येतो, ग्रंथी मात्र त्या मानाने टिकतात. कुजलेलं आहे म्हणून ते डोकं फेकून देऊ नये.

‘पन्नास डोकी तपासली, एकही सापडलं नाही’

या मजकुरातला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच.

एका भागात दहा हजार हरणं आहेत आणि त्यातल्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे पन्नास हरणांना, लागण आहे असं धरू. त्यातून पन्नास डोकी कुठलीही निवड न करता घेतली, तर पन्नासच्या पन्नास कोरी निघण्याची शक्यता ७८ टक्के आहे. ०.९९५ ला स्वतःशी पन्नास वेळा गुणलं की हा आकडा मिळतो, कुणीही करून पाहावा. पाचातल्या जवळजवळ चार वेळा ही तपासणी ‘काही नाही’ असंच सांगणार, आणि जंगलात लागण झालेली पन्नास हरणं फिरत राहणार.

हाच हिशेब उलट्या बाजूने करता येतो. पन्नासात शून्य सापडले, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की रोगाचं प्रमाण सुमारे ५.८ टक्क्यांपेक्षा कमी आहे. दहा हजारांच्या कळपात ही कमाल मर्यादा ५८० हरणांची होते. ज्याला लोक ‘विषय संपला’ म्हणतात, त्या निकालाचा खरा अर्थ एवढाच.

प्रमाण एक टक्का असेल तर ते ९५ टक्के खात्रीने पकडायला साधारण ३०० नमुने लागतात, अर्धा टक्का असेल तर ६००. चाचणीने लागण झालेल्या दहातली नऊच हरणं पकडली, तर ३०० चे ३३० च्या वर जातात. कळप दहा हजारांचा असो की पन्नास हजारांचा, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. अनेकांना हे पटत नाही, पण गणित तसंच आहे. कळप अगदी लहान असेल तेव्हाच आकडा उतरतो: ४०० हरणांच्या कळपात एक टक्का पकडायला सुमारे २१० पुरतात. म्हणजे निम्म्याहून जास्त कळप.

शिवाय हे सगळं नमुना सरसकट घेतला असेल तर. प्रत्यक्षात डोकी येतात ती गाडीरस्त्याजवळच्या, शिकारीला सोयीच्या जागांवरून. आणि सुरुवातीच्या काळात रोग सगळीकडे सारखा नसतो, एखाद्या खोऱ्यात किंवा दोन-चार शेतांच्या पट्ट्यात साचलेला असतो. जिल्ह्यातून ३०० नमुने आले, पण त्यातले २८० पूर्वेकडचे असतील, तर पश्चिमेबद्दल आपल्याला वीस नमुन्यांइतकंच कळलं. वयाचाही मोठा फरक पडतो. रोग दिसायला वेळ लागतो, त्यामुळे त्या वर्षीच्या पाडसांत तो क्वचितच सापडतो. पन्नासात तीस पाडसं असतील तर कामाचे नमुने वीसच. प्रौढ नरांत रोगाचं प्रमाण माद्यांच्या साधारण दुप्पट आढळतं, म्हणून एक म्हातारा नर अनेक पाडसांपेक्षा जास्त सांगून जातो. ‘किती तपासली’ याच्याबरोबर ‘कोणती आणि कुठली’ हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला किंमत नाही.

‘जिथे चाचण्या जास्त तिथेच रोग जास्त’

सापडलेल्या हरणांची नुसती संख्या मोजली तर हे खरं वाटतं. म्हणून प्रमाण बघायचं असतं: शंभरात दहा आणि हजारात शंभर, दोन्हीकडे दहा टक्केच. चाचण्या दहापट केल्याने प्रमाण वाढत नाही.

मात्र या आक्षेपात एक खरी अडचण दडलेली आहे आणि ती कबूल करायला हवी. आजारी दिसणारी आणि गाडीखाली आलेली हरणं मुद्दाम जास्त तपासली तर त्यांच्यातलं प्रमाण कळपातल्या प्रमाणापेक्षा जास्त येणारच. कोलोरॅडोत गाडीखाली मेलेल्या म्यूल डिअरमध्ये रोगाचं प्रमाण आसपासच्या हरणांपेक्षा जास्त आढळलं आहे, कारण मेंदू बिघडलेलं जनावर गाडीसमोरून वेळेत हलत नाही. नव्या जागी रोग शोधायला असे नमुने उत्तम. पण रोग वाढतो आहे की नाही हे ठरवताना ते शिकारीच्या नमुन्यांत मिसळायचे नाहीत. वर्षावर्षांची तुलना करायची ती एकाच गटाची: त्याच भागातले, शिकारीत मारलेले, प्रौढ नर. तपासणी ऐच्छिक असेल तर धास्तावलेल्या भागातले शिकारी जास्त डोकी आणतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. कुठल्याही अहवालात हे दोन प्रवाह एकत्र केलेले दिसले, तर त्यातल्या टक्क्यांवर विसंबू नये.

‘मग मढी कुठे आहेत?’

जंगलात मेलेलं हरीण किती दिवस टिकतं याची कल्पना असलेला माणूस हा प्रश्न विचारणार नाही. कोल्हे, कायोटी, अस्वलं, गिधाडं आणि किडे काही दिवसांत हाडं आणि कातडं तेवढं उरवतात. शिवाय सीडब्ल्यूडीने हरणं एकाच वेळी मरत नाहीत. वर्षभर, एकेक करून, इकडे-तिकडे मरतात. आणि बहुतेकांच्या मरणाचं कारण वरवर दुसरंच दिसतं: गाडी, पहाडी सिंह, बर्फातली उपासमार, किंवा गिळणं बिघडल्यामुळे श्वासनलिकेत अन्न जाऊन झालेला न्यूमोनिया. आतला रोग डोकं तपासल्यावरच कळतो.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पहिलं लागण झालेलं हरीण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. ते सापडलं कारण वायोमिंगच्या वन्यजीव खात्याने त्या म्यूल डिअर नराच्या गळ्यात त्याच वर्षी मार्चमध्ये जीपीएस पट्टा घातला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर पट्ट्याने हालचाल थांबल्याचं कळवलं, त्या खुणेवरून यलोस्टोन सरोवराच्या दक्षिणेकडच्या भूशिरावर मढं शोधलं आणि ऊती तपासल्या. पट्टा नसता तर त्या दुर्गम जागी जाऊन ते कुणी पाहिलं नसतं. नॉर्वेतलं पहिलं प्रकरणही असंच उघडकीला आलं: मार्च २०१६ मध्ये नॉर्डफ्येला भागात रेनडिअर जातीच्या हरणांना पट्टे घालण्याचं काम चालू असताना एक आजारी मादी आढळली, ती मेली आणि तिची तपासणी झाली.

पाण्याकाठी एकदम डझनावारी मेलेली हरणांची जी छायाचित्रं ‘सीडब्ल्यूडी’ म्हणून फिरतात, ती बहुधा दुसऱ्याच रोगाची असतात. ईएचडी हा चिलटांनी पसरणारा विषाणूजन्य रक्तस्रावी ताप. तो उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, हरणं तापाने पाण्याकडे धावतात, आजारी दिसल्यापासून एक-दोन दिवसांत मरतात, आणि कडक थंडी पडून चिलटं मेली की साथ थांबते. त्यात हरणं अंगाने भरलेली असतात. सीडब्ल्यूडीत झिजलेली असतात. खच पडतो तो ईएचडीने, आणि त्यातून कळप काही वर्षांत सावरतो. सीडब्ल्यूडीत खच दिसत नाही, आणि कळप सावरायला उसंतही मिळत नाही.

‘१९६७ पासून आहे, तरी हरणं संपली नाहीत’

खंडभरातली हरणं संपलेली नाहीत, हे बरोबर. पण रोग १९६७ मध्ये खंडभर नव्हता. जंगली एल्कमध्ये तो १९८१ मध्ये सापडला, कोलोरॅडोत. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदा सापडला २००२ मध्ये, विस्कॉन्सिनमध्ये. आज अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत आहे, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तो पोचला २०२४ मध्ये. जिथे तो नुकताच आला तिथले भरलेले कळप दाखवून ‘काही होत नाही’ म्हणणं चुकीचं आहे. बघायचं ते जिथे तो मुरला आहे तिथे.

वायोमिंगमध्ये असं पाहिलं गेलं. पट्टे घातलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या ज्या कळपात साधारण तिसरा हिस्सा बाधित होता, तो वर्षाला १०.४ टक्क्यांनी घटत होता. म्यूल डिअरच्या दुसऱ्या एका कळपात सुमारे २४ टक्के लागण होती आणि घट वर्षाला २१ टक्के. हा वेग तसाच राहिला तर पहिला कळप साडेसहा वर्षांच्या आत निम्मा होतो, दुसरा तीन वर्षांत. दोन्ही ठिकाणी हे कळलं ते पट्टे, तपासणी आणि मेलेल्या प्रत्येक जनावराचा शोध यांमुळे. नुसत्या मोजणीत घट दिसली असती, कारण कळलं नसतं. दोष लांडग्यांवर किंवा थंडीवर गेला असता.

‘कमजोर मरतील, उरलेली प्रतिकारक्षम होतील’ ही आशाही तपासून झाली आहे. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकाचे काही प्रकार, उदाहरणार्थ पांढऱ्या शेपटीच्या हरणातला ९६एस किंवा म्यूल डिअरमधला २२५एफ, लागण कमी आणि रोगाची गती मंद करतात. पण ती हरणं अभेद्य नाहीत. त्यांना रोग होतो, उशिरा होतो, आणि तोवर ती जास्त काळ प्रायॉन बाहेर टाकत राहू शकतात. त्यात प्रायॉन जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात आणि तरीही लागण करू शकतात. कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात, सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी जिथे बाधित मढी कुजली होती आणि सव्वादोन वर्षांपूर्वी जिथे बाधित हरणं राहून गेली होती, अशा कुंपणांत निरोगी हरणं सोडली. त्यांतल्या काहींना रोग झाला. हरणं कमी झाली म्हणून लागण आपोआप थांबेल असा हिशेब या रोगाला लागू पडत नाही. म्हणूनच तो जमिनीत मुरण्याआधी सापडणं महत्त्वाचं.

‘माणसाला होत नाही, आणि शिजवलं की प्रश्न मिटला’

पहिला अर्धा भाग आजच्या माहितीनुसार खरा आहे. काही प्रयोग दिलासा देणारे आहेत, माकडांवरचे काही प्रयोग मात्र तसे नाहीत. पण ‘आजवर आढळलं नाही’ आणि ‘होत नाही’ यांत फरक आहे, आणि प्रायॉनच्या बाबतीत तो आधीच महागात पडलेला आहे. ब्रिटनमध्ये गायींचा बीएसई (‘मॅड काऊ’) हा प्रायॉनचाच रोग १९८६ मध्ये ओळखला गेला. तो माणसाला होत असल्याचं सरकारने मान्य केलं १९९६ मध्ये. त्या दहा वर्षांत लोकांना गोमांस सुरक्षित असल्याचंच सांगितलं जात होतं. त्या मानवी रोगाने पुढे जगभरात दोनशेहून जास्त माणसं गेली. सीडब्ल्यूडी तसंच करेल असा याचा अर्थ नाही. पण अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या आणि बाधित निघालं तर खाऊ नका, असं सांगते, तो सल्ला तपासणीशिवाय पाळता येत नाही.

दुसरा अर्धा भाग साफ चुकीचा आहे. स्वयंपाकाच्या उष्णतेने प्रायॉन नष्ट होत नाहीत. उकळून, भाजून, धुरावून, खारवूनही नाही. गोठवल्याने तर मुळीच नाही. प्रायॉन बाधित हरणाच्या स्नायूंतही सापडलेले आहेत, त्यामुळे ‘मेंदू आणि मणका टाकला की झालं’ हेही पुरेसं नाही. तरीही मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, टॉन्सिल आणि लसिका ग्रंथी यांच्यात प्रमाण सगळ्यात जास्त असतं, म्हणून मांस हाडांवरून सोलून काढायचं, मणक्यातून करवत फिरवायची नाही. प्रत्येक हरणाचं मांस वेगळं बांधून त्यावर नमुन्याचा क्रमांक टाकायचा आणि निकाल येईपर्यंत थांबायचं. दोन-तीन हरणांचा खिमा एकत्र केला आणि त्यातलं एक बाधित निघालं तर सगळाच टाकावा लागतो.

सुऱ्यांसाठी सोपा उपाय आहे. आधी चिकटलेलं मांस आणि चरबी घासून पूर्ण काढायची. मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी, म्हणजे चाळीस टक्के द्रावण, त्यात पाच मिनिटं बुडवून धुऊन पुसायच्या. पोलादाच्या पृष्ठभागावरचे सीडब्ल्यूडी प्रायॉन एवढ्याने निष्क्रिय होतात. ऊतीचा तुकडा राहिला तर ब्लीच आत शिरत नाही आणि काम अर्धवट राहतं. जुनं, वर्षभर पडलेलं ब्लीच वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते.

निकालाच्या कागदावर ‘आढळला नाही’ असं लिहिलेलं असतं, ‘रोगमुक्त’ असं नसतं. लागण होऊन काही आठवडेच झाले असतील तर ग्रंथीत पकडण्याइतकं काही नसतं. तो निकाल धोका खूप कमी करतो, शून्य करत नाही. प्रयोगशाळेने तेवढंच म्हणावं आणि वाचणाऱ्याने तेवढंच समजावं.

‘खात्याला कळप मारायला निमित्त हवंय’

वन्यजीव खात्यांना हरणं मारून काही मिळत नाही. अमेरिकेतल्या राज्यांत त्यांचा मोठा खर्च शिकारीच्या परवान्यांवर चालतो आणि हरणं घटली की परवानेही घटतात. पण हेतूंवर वाद घालण्यापेक्षा काय केलं आणि काय झालं ते बघितलेलं बरं.

इलिनॉयमध्ये रोग २००२ मध्ये सापडला, विस्कॉन्सिनच्या सीमेलगत. तिथे २००३ पासून दर हिवाळ्यात, शिकारीचा हंगाम संपल्यावर, बाधित हरणं सापडलेल्या छोट्या पट्ट्यांत नेमबाजांकरवी हरणं कमी केली गेली. हे भाग तपासणीच्या नकाशावरून ठरायचे. पहिली दहा वर्षं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं. विस्कॉन्सिननेही सुरुवातीला असंच केलं, पण लोकांचा विरोध वाढल्यावर २००७ नंतर हात आखडता घेतला, आणि तिथलं प्रमाण चढत गेलं. इलिनॉयलाही रोग संपवता आलेला नाही आणि पुढे तिथेही तो वाढला. वेळ मात्र मिळाला. नॉर्वेने २०१७-१८ मध्ये नॉर्डफ्येलातला दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा अख्खा कळप मारला, २०१६ पासूनची धरून तिथे एकूण १९ बाधित निघाली. २०२० मध्ये शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर पुन्हा एक सापडलंच. कळप काढणं योग्य होतं का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण ज्याला कमीत कमी हरणं मारली जावीत असं वाटतं, त्याने तपासणी वाढवा म्हणायला हवं. रोग चार हरणांत असताना सापडला तर एका खोऱ्यापुरता उपाय पुरतो. चारशेंत असताना सापडला तर कुठलाच पुरत नाही.

आणि रोग स्वतःच्या पायांनीच चालतो असंही नाही. दक्षिण कोरियात तो गेला कॅनडातून आयात केलेल्या एल्कबरोबर. पाळीव हरणांची ने-आण आणि शिकारीनंतर दूरवर नेलेली डोकी आणि मणके, हे दोन मार्ग माणसाच्या हातात आहेत. म्हणून बाधित भागातून हाडं काढलेलं मांस, कातडं, साफ केलेली शिंगं आणि कवटीचा तुकडा नेऊ देतात, मेंदू आणि मणका नेऊ देत नाहीत. कुठला भाग बाधित धरायचा हेही तपासणीच ठरवते.

‘पैशांची नासाडी’

पैसे वाया जातात, पण ते तपासणीमुळे नाही, चुकीच्या डोक्यांवर केलेल्या तपासणीमुळे. निधी कमी असेल तर पाडसं सोडून द्यावीत. सगळ्यात आधी घ्यावीत रोगाची लक्षणं दिसणारी प्रौढ हरणं, मग गाडीखाली आलेली आणि शिकारी प्राण्यांनी मारलेली, मग शिकारीतले वयस्क नर. कातडीत पेंढा भरून देणाऱ्या कारागिरांकडे असे नर आपोआप जमा होतात, त्यांना ग्रंथी काढायला शिकवलं तर स्वस्तात चांगले नमुने मिळतात. गेल्या वर्षी ज्या पट्ट्यांतून नमुने आले नाहीत त्यांना यंदा पहिला क्रम द्यावा, जिथून दरवर्षी ढिगाने येतात तिथे हात आवरावा.

प्रत्येक डोक्याबरोबर पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: जात, नर की मादी, वय, मेल्याची तारीख आणि कारण, आणि नेमकी जागा. वय दातांवरून ठरवतात: पाडस, दीड वर्षाचं, की प्रौढ, एवढं तरी. जागा म्हणजे जिल्ह्याचं नाव चालत नाही, जीपीएसचे आकडे किंवा नकाशावरची खूण हवी. नुसत्या जिल्ह्याच्या नावाचं डोकं बाधित निघालं तर पुढचे नमुने कुठल्या खोऱ्यातून घ्यायचे हे कुणालाच कळत नाही, आणि मग ज्याने ते हरीण मारलं त्या शिकाऱ्याला महिन्यांनी फोन करून जागा आठवायला सांगावी लागते. चिठ्ठी पेन्सिलने किंवा पाण्याने न विरघळणाऱ्या शाईने लिहून पिशवीत नव्हे तर कानाला तारेने बांधावी, कारण पिशव्या बदलल्या जातात.